जिन्याचं टू-वे बटण आणि स्मार्ट स्विच: बोर्ड उघडण्याआधी हे वाचा

जिन्याला दोन बटणं, म्हणून मी दोन स्मार्ट स्विच विकत आणले. घोळ तिथूनच सुरू झाला. एक खाली ओसरीत बसवला, एक वर गच्चीच्या दाराशी. जुनी बटणं काढली आणि वायरी होत्या तशाच नव्या स्विचांना जोडल्या. खालचा चालू असेल तोवर वरचा ठणठणीत. खालचा बंद केला की वरचाही मरून पडायचा आणि मोबाईलवर ‘ऑफलाइन’ दिसायचा. दोन दिवस मी वायफायला शिव्या घातल्या. वायफाय बिचारं निर्दोष होतं. वरच्या स्विचला वीज मिळत होती तीच मुळी खालच्या स्विचमधून.

आमचं घर अमळनेरला. मे महिन्यात सगळ्यांच्या गाद्या गच्चीवर जातात आणि मध्यरात्रीपर्यंत जिन्यात ये-जा चालू असते. त्यात शेतीची लाईट रात्रपाळीला असली की आबा दोन-तीन वाजता उठून मोटर चालू करायला निघतात. अंधारात दोनदा त्यांचा पाय घसरला. दिवा संध्याकाळी आपोआप लागावा, उजाडल्यावर आपोआप विझावा, आणि भिंतीवरची दोन्ही बटणं पूर्वीसारखीच चालावीत, एवढीच माझी मागणी होती. ती पूर्ण व्हायला तीन रविवार गेले. तुमचं काम एका रविवारात व्हावं म्हणून हे सविस्तर लिहितोय.

एक आधीच सांगतो. आहे ते बटण, दिवा किंवा पंखा तसाच बदलणं घरमालकाला करता येतं. नवी वायर ओढायची किंवा वायरिंगच बदलायचं असेल, तर वीज सुरक्षेच्या नियमांप्रमाणे ते काम परवानाधारक ठेकेदाराचं. ज्याने आयुष्यात टेस्टर धरलेला नाही त्याने हे वाचून वायरमनला बोलवावं. वाचलेलं वाया जाणार नाही. आमच्याकडचे बरेच वायरमन उत्तम काम करतात, पण स्मार्ट स्विचची ही मॉड्युलं (वीज चालू-बंद करणाऱ्या छोट्या डब्या) त्यांच्या हातात रोज येत नाहीत. काय हवं ते तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

१. जुनं बटण नेमकं काय करतं?

साध्या बटणाला मागे दोन पॉइंट असतात, टू-वे बटणाला तीन. त्यातला एक ‘कॉमन’. बटण दाबलं की कॉमन एका पॉइंटपासून सुटतो आणि दुसऱ्याला चिकटतो. जिन्यात अशी दोन बटणं असतात आणि त्यांच्यामध्ये दोन वायरी जातात. एका बटणाच्या कॉमनला फेज (वीज घेऊन येणारी वायर) येतो, दुसऱ्याच्या कॉमनवरून वायर दिव्याला जाते. दोन्ही बटणं एकाच वायरीवर असली की दिवा लागतो, वेगवेगळ्या वायरींवर असली की विझतो. म्हणून टू-वे बटणाला ‘खाली म्हणजे चालू’ असा नियम नसतो. पुढे अ‍ॅपमध्ये सेटिंग करताना हे उपयोगी पडेल.

मधल्या मजल्यावर तिसरं बटण असेल तर ते चार पॉइंटचं ‘इंटरमिजिएट’ असतं. ते त्या दोन वायरींची फक्त अदलाबदल करतं. त्याला हात लावायची गरज पडत नाही.

(याला ‘गोडाऊन वायरिंग’ म्हणणारे दुकानदार भेटतील. गोडाऊन वायरिंग वेगळं: आत जाताना पुढचा दिवा लागतो तेव्हा मागचा विझतो. दुकानात ‘जिन्याचं टू-वे’ असंच सांगा.)

२. जवळ काय काय हवं

टेस्टर, मल्टिमीटर आणि टेस्ट लॅम्प. टेस्ट लॅम्प म्हणजे होल्डरला दोन वायरी जोडलेला साधा पिवळा बल्ब. तो हवाच, कारण टेस्टर खोटं बोलतो. टू-वेच्या दोन वायरी पाइपातून शेजारी-शेजारी जातात. एकीत वीज असली की दुसरीत वीज नसतानाही टेस्टर मंद पेटतो आणि मल्टिमीटर चाळीस-पन्नास व्होल्ट दाखवतो. टेस्ट लॅम्प अशा भुताटकीला फसत नाही. खरी वीज असली तरच पेटतो.

याखेरीज पेचकस, वायर सोलायची पक्कड, इन्सुलेशन टेप, लिव्हरवाले कनेक्टर, १.५ चौरस मिमीच्या वायरीचे लाल आणि काळे तुकडे, कागदी चिकटपट्टी आणि पेन. पायात कोरडी रबरी चप्पल. कागदपत्रं म्हणाल तर मॉड्युलचं बिल, वॉरंटी कार्ड आणि खोक्यातला वायरिंगचा नकाशा. तो नकाशा फेकू नका. घराच्या वायरिंगचा नकाशा मात्र कोणाकडेच नसतो. तो तुम्हालाच काढायचाय.

सामान अमळनेरात मिळालं, फक्त मॉड्युलसाठी जळगावला गोलाणी मार्केटला जावं लागलं. ऑनलाइनही मिळतात. तरी आधी चौथी पायरी वाचा, मगच पैसे खर्च करा.

३. लाईट बंद करा. म्हणजे खरोखर बंद.

मी मेन स्विच पाडला, शेजारच्या खोलीतला फ्रीज बंद झाल्याची खात्री केली आणि बोर्ड उघडला. सवय म्हणून टेस्टर लावला तर लखलखीत पेटला. जिन्याचा दिवा इन्व्हर्टरवर होता! भारनियमनाच्या दिवसांत जिना, देवघर आणि एक पंखा सगळ्यांनीच इन्व्हर्टरवर घेऊन ठेवलाय. मेन पाडला की इन्व्हर्टरला वाटतं लाईट गेली, आणि तो इमानदारीने वीज पुरवू लागतो.

तेव्हा मेन पाडा, इन्व्हर्टर त्याच्या बटणावरून बंद करा, आणि मग बोर्डात टेस्ट लॅम्प लावून बघा. दोन मजली घरात खालची आणि वरची एमसीबी (मेन बोर्डातला छोटा ट्रिप स्विच) वेगळी असू शकते. खालची पाडून वरचा बोर्ड उघडण्याचा शहाणपणा करू नका. घरात सगळ्यांना सांगून ठेवा. नाहीतर ‘लाईट कशी गेली’ म्हणत कोणीतरी मेन चालू करायला जातंच.

४. तुमचा जिना कोणत्या जातीचा?

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि लोक नेमकी हीच गाळतात. दोन्ही बोर्ड उघडा, पण एकही वायर सोडवायच्या आधी मोबाईलवर चार-पाच फोटो काढा. जुन्या घरांत फेज, न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर), सगळं बरेचदा एकाच रंगाच्या वायरीत ओढलेलं असतं, त्यामुळे लाल म्हणजे फेज आणि काळी म्हणजे न्यूट्रल असं गृहीत धरू नका. आमच्या घरी तिन्ही वायरी पिवळ्या होत्या.

कॉमन पॉइंट कुठला ते मल्टिमीटरच्या बीपवर शोधा. ‘मधला तो कॉमन’ हा नियम सगळ्या कंपन्या पाळत नाहीत. मग वीज चालू करून, पेचकस खाली ठेवून, फक्त टेस्टर आणि टेस्ट लॅम्पने पुढचं बघा.

पहिली जात: एका बोर्डात कॉमनला कायम फेज असतो, बटण कसंही असलं तरी. दुसऱ्या बोर्डात कॉमनला वीज फक्त दिवा लागलेला असताना येते. म्हणजे फेज एका टोकाला, दिव्याची वायर दुसऱ्या टोकाला. मी पाहिलेल्या घरांपैकी बहुतेकांत हेच निघालं.

दुसरी जात: फेजही खालीच येतो आणि दिव्याची वायरही खालूनच जाते. वरच्या बटणाकडे तीन वायरी जातात, दोन जाणाऱ्या आणि एक परत येणारी. नशीबवान आहात, तुमचं काम सोपं.

तिसरी जात: वायर वाचवण्यासाठी केलेला जुगाड. दोन्ही बटणांना फेज आणि न्यूट्रल दोन्ही दिलेले, आणि दिवा दोन कॉमनच्या मध्ये लटकवलेला. ओळखायचं कसं? दिवा विझलेला असताना बल्ब काढा आणि होल्डरच्या दोन्ही पिना टेस्टरने बघा. मग दोन्ही बटणं एकदा उलटी करून, दिवा पुन्हा विझलेल्या अवस्थेत, परत बघा. यातल्या कोणत्याही वेळी दोन्ही पिनांवर टेस्टर झगझगीत पेटला, तर वायरिंग या जातीचं आहे. बंद दिव्याचा बल्ब बदलताना झटका बसतो तो इथेच. यावर कुठलंही मॉड्युल बसवू नका. आधी वायरिंग दुरुस्त करून घ्या. स्मार्ट स्विच नको असेल तरीही करून घ्या.

आता न्यूट्रल. स्मार्ट मॉड्युलच्या पोटात छोटा संगणक असतो, त्याला चोवीस तास फेज आणि न्यूट्रल दोन्ही लागतात. जिन्याच्या बटणापाशी न्यूट्रल बहुधा नसतो, तो थेट दिव्याला गेलेला असतो. पण त्याच बोर्डात चार्जिंगचं सॉकेट असेल तर न्यूट्रल तिथे आहे. खूश होण्याआधी बघा: ते सॉकेट आणि जिन्याचा फेज एकाच एमसीबीवर आहेत का? इन्व्हर्टरवर दोन्ही आहेत की एकच? एका सर्किटचा फेज आणि दुसऱ्याचा न्यूट्रल घेतलात तर घरातली आरसीसीबी, म्हणजे आपल्याकडे ईएलसीबी म्हणतात ती, गळती दिसली की वीज तोडणारी, पडत राहील. तीन फेजचा मीटर असेल आणि वरचा मजला दुसऱ्या फेजवर असेल, तर दोन फेजमध्ये ४०० व्होल्टच्या आसपास दाब असतो. २३० व्होल्टच्या मॉड्युलात ते दोन फेज एकत्र आले तर काय होईल ते सांगायला नको. अशा घरात वायरमनच हवा.

५. मॉड्युल कोणतं घ्यायचं

बाजारात दोन प्रकार आहेत. एक, काचेचं टच पॅनेल, जे जुन्या बटणाच्या जागी बसतं. दुसरं, काडेपेटीएवढं रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) मॉड्युल, जे जुन्या बटणाच्या मागे बोर्डात लपतं. माझं मत दुसऱ्याच्या बाजूने. टच पॅनेल दिसायला देखणं, पण आईने त्याच्याकडे बघून विचारलं, “दिवा लावाले मोबाईल कसाले लागस रे?” मोबाईल लागत नाही हे तिला पटवेपर्यंत मी ते पॅनेल परत केलं होतं. घरात म्हातारी माणसं, पाहुणे, शेजारची पोरं सगळी येतात. त्यांना भिंतीवर टकटक वाजणारं बटणच कळतं.

टच पॅनेलच घ्यायचं असेल तर रिले असलेलं एकच घ्या आणि दुसऱ्या टोकाला त्याला वायरलेस जोडलं जाणारं बॅटरीचं बटण लावा. दोन्ही टोकांना दोन पॅनेल, ही माझी चूक करू नका.

रिले मॉड्युल घेताना बटणाचा सिग्नल ते कसं घेतं हे तपासा. इथे जाणकारही फसतात.

काही मॉड्युलांना ‘एसडब्ल्यू’ असा एकच पॉइंट असतो आणि त्यावर २३० व्होल्टचा फेज आलेला चालतो. शेली कंपनीची वायफाय मॉड्युलं अशी असतात. काहींना ‘एस-१’ आणि ‘एस-२’ असे दोन पॉइंट असतात आणि त्यांच्यात वीज नसलेलं कोरडं बटण लागतं. सोनऑफ मिनी या जातीचं. एस-१, एस-२ ला फेज लागला की मॉड्युल संपलंच समजा.

पहिल्या जातीच्या जिन्याला ‘एसडब्ल्यू’वालं घ्या. कोरड्या बटणाच्या मॉड्युलला दोन्ही बटणांचे कॉमन एका जागी आणावे लागतात, आणि त्यासाठी तिसरी वायर लागते. ती तुमच्या पाइपात नाही. दुसऱ्या जातीच्या जिन्याला दोन्हीपैकी कोणतंही चालतं.

‘न्यूट्रल लागत नाही’ म्हणून विकली जाणारी मॉड्युलंही असतात. ती दिव्यातूनच थोडा करंट चोरून जगतात. नऊ वॉटच्या एलईडीवर त्यामुळे दिवा बंद असताना मिणमिणतो किंवा लुकलुकतो, आणि मग दिव्याला समांतर कपॅसिटर लावावा लागतो. दुसरा मार्गच नसेल तरच त्या वाटेला जा.

६. जोडणी

पुन्हा एकदा: मेन बंद, इन्व्हर्टर बंद, टेस्ट लॅम्प लावून खात्री.

पहिल्या जातीसाठी मॉड्युल दिव्याच्या टोकाला बसतं. आमच्याकडे ते वर गच्चीच्या दाराशी. खालच्या बोर्डाला हातही लावायचा नाही. वरच्या बोर्डात:

बटणाच्या कॉमनवरून दिव्याला गेलेली वायर सोडवा, तिच्यावर चिकटपट्टी लावून ‘दिवा’ लिहा. ही वायर मॉड्युलच्या आउटपुट पॉइंटला द्या. मोकळा झालेला कॉमन छोट्या तुकड्याने ‘एसडब्ल्यू’ला जोडा. सॉकेटवरून कायमचा फेज ‘एल’ला आणि न्यूट्रल ‘एन’ला द्या. झालं. दोन बटणांमधल्या दोन वायरी जशा होत्या तशाच राहतात, फक्त आता त्या दिव्याऐवजी मॉड्युलला निरोप पोचवतात.

काही मॉड्युलांना ‘आय’ नावाचा आणखी एक पॉइंट असतो. रिलेला वीज तिथून मिळते, तेव्हा ‘एल’वरून एक तुकडा तिथेही द्यावा लागतो. तो विसरलात तर मॉड्युल टक टक वाजेल, अ‍ॅपमध्ये ‘चालू’ दिसेल आणि दिवा लागणार नाही. अर्धा तास मी बल्ब बदलत बसलो होतो.

दुसऱ्या जातीला, कोरड्या बटणाचं मॉड्युल असेल तर, खालच्या बोर्डातला फेज कॉमनवरून काढून ‘एल’ला द्या, दिव्याची वायर आउटपुटला, मोकळा कॉमन एस-१ ला आणि वरून परत येणारी वायर एस-२ ला. न्यूट्रल ‘एन’ला हवाच. बटणाच्या कुठल्याच पॉइंटवर आता फेज उरलेला नाही ना, हे बोर्ड बंद करायच्या आधी टेस्ट लॅम्पने बघा.

मॉड्युल बोर्डात कोंबू नका. जुन्या उथळ पेटीत बटण, वायरींची गुंतवळ आणि मॉड्युल एकत्र मावत नाहीत. स्क्रू आवळताना एखादी वायर दबून सोलवटते. जागा नसेल तर खोल पेटी बसवा किंवा मॉड्युल वरच्या जंक्शन बॉक्समध्ये न्या. लोखंडी पेटी वायफाय अडवते हेही लक्षात असू द्या. पेटी बंद करायच्या आधी त्याच जागी मोबाईल धरून राउटरची रेंज बघून घ्या. आमच्या जुन्या घराच्या दीड हात जाड भिंतीत ती दोन काड्यांवर आली होती. राउटर ओसरीतून जिन्याच्या तोंडाशी आणल्यावर सुधारली.

७. अ‍ॅपमध्ये तीन गोष्टी

जोडताना मोबाईल २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर ठेवा. यातली बहुतेक वायफाय मॉड्युलं ५ गिगाहर्ट्झ पकडत नाहीत. राउटरवर दोन्हींना एकच नाव असेल तर थोडा वेळ ५ बंद करा.

बटणाचा प्रकार. टू-वेला ‘खाली म्हणजे चालू’ नसतं हे वर सांगितलंच. मॉड्युलला ‘बटणाची अवस्था बघून चालू-बंद कर’ असं न सांगता ‘बटण हललं की उलटं कर’ असं सांगायचं. काही अ‍ॅपमध्ये याला ‘एज’ म्हणतात. हे चुकलं तर मोबाईलवरून दिवा लावल्यानंतर भिंतीवरचं बटण पहिल्या दाबाला काहीच करत नाही, दुसऱ्यांदा दाबावं लागतं.

लाईट परत आल्यावर काय करायचं. या सेटिंगला बरेच लोक हात लावत नाहीत. काही मॉड्युलांत ते ‘चालू’वर ठेवलेलं निघतं. आपल्याकडे रात्री दीडला लाईट जाणार, अडीचला येणार, आणि जिना, ओसरी, अंगण एकदम उजळणार. ‘आधी होतं तसं’ किंवा ‘बंद’ ठेवा. राउटरही इन्व्हर्टरवर घ्या, नाहीतर लाईट गेल्यावर मॉड्युल जिवंत आणि वायफाय मेलेलं.

वेळ लावायची तर घड्याळाची नको, सूर्यास्ताची लावा. खान्देशात डिसेंबरात सहाच्या आत सूर्य मावळतो आणि जूनमध्ये सातनंतरही उजेड असतो. घड्याळाची वेळ लावलीत तर दर दोन महिन्यांनी बदलत बसाल. ठिकाण म्हणून तुमचं गाव द्या.

मग राउटर बंद करून दोन्ही बटणं दहा-दहा वेळा दाबा. वायफाय नसताना भिंतीवरचं बटण चाललं नाही तर जोडणी किंवा मॉड्युल चुकलंय. नेटची कंपनी चालू असेल तरच घरातला जिना उजळतो, असं घर मला नको.

८. ऊन आणि पहिला पाऊस

बऱ्याच मॉड्युलांच्या कागदावर सभोवतालचं तापमान ४० अंशांपर्यंत असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच त्यापेक्षा जास्त असतं, आणि पश्चिमेच्या भिंतीतला बोर्ड संध्याकाळी हाताला चटका देतो. गच्चीच्या दाराशी ऊन थेट बोर्डावर येत असेल तर मॉड्युल खालच्या सावलीच्या टोकाला नेता येतं का ते वायरमनला विचारा, किंवा निदान बोर्डावर छोटं छप्पर तरी करा. आमच्या मॉड्युलने एक उन्हाळा काढलाय, पण छपरानंतर.

मृगाच्या विजांचं काय? वीज कडाडताना मेन पाडायची जुनी सवय सोडू नका. नवं वायरिंग करणार असाल तर मेन बोर्डात सर्ज प्रोटेक्टर (दाबाचा अचानक आलेला झटका अडवणारा) बसवून घ्या, आणि त्याच्यासाठी अर्थिंग नीट आहे का हेही तपासून घ्या. उन्हाळ्यात खड्ड्यातली माती कोरडी पडली की अर्थिंग नावापुरतं उरतं. दर उन्हाळ्यात त्यात दोन बादल्या पाणी ओता.

जिन्याचं जमलं म्हणून तेच मॉड्युल मोटरीला लावायचा मोह होईल. मलाही झाला. मोटर सुरू होताना चालू करंटच्या कितीतरी पट करंट ओढते आणि छोट्या रिलेचे पॉइंट चिकटून बसतात. मग अ‍ॅपवर ‘बंद’ आणि विहिरीवर मोटर चालूच. तिथे मॉड्युलने कॉन्टॅक्टर (जास्त करंट सोसणारा मोठा स्विच) चालवायचा आणि कॉन्टॅक्टरने मोटर, आणि तो बोर्ड वायरमननेच करायचा.

९. झाकण लावायच्या आधी

वायरींवरच्या चिकटपट्ट्या काढू नका. कुठली वायर कुठे गेली याचं चित्र एका कागदावर काढा, त्यावर ‘इन्व्हर्टरवर आहे, मेन पाडून चालणार नाही’ असं मोठ्या अक्षरात लिहा आणि कागद झाकणाच्या आतून चिकटवा. आमच्या जिन्यातल्या वरच्या झाकणामागे असा कागद आहे. त्याखाली आबांनी स्वतःच्या अक्षरात आमच्या वायरमनचा फोन नंबर लिहून ठेवलाय, माझा नाही.